बिल समितीकडे गेलं म्हणजे नेमकं कुठं गेलं?

माझी साताऱ्याची मावशी दरवर्षी रिटर्न उशिरा भरते. म्हणजे भरते मीच, पण उशीर तिचा. काका गेल्यापासून एफडीच्या व्याजावर तिचं बरंचसं भागतं, आणि वर्षाच्या सुरुवातीला बँकेत 'टॅक्स कापू नका' असं सांगणारा पंधरा-एच फॉर्म द्यायचा असतो तो ती एक वर्ष देते आणि दोन वर्षं विसरते. मग बँक टीडीएस कापते, सहा-सात हजार. तिचं उत्पन्न टॅक्स लागण्याइतकं नाहीच, त्यामुळे ते सगळे पैसे परत मिळतात, फक्त रिटर्न भरावं लागतं. आणि ते कागद ती मला कधी देते, तर दिवाळीला मी गेले की, चकलीच्या डब्यासोबत, कारण "तू येणारच होतीस की, कुरिअरला कशाला पैसे घालवायचे". तोवर ३१ जुलै कधीच उलटून गेलेली असते. आत्तापर्यंत हे चालून गेलं, कारण जुन्या कायद्यात डिसेंबरअखेरपर्यंत उशिराचं रिटर्न भरूनही रिफंड मागता येतो आणि उत्पन्न मर्यादेच्या खाली असेल तर लेट फी पण लागत नाही.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये नवीन इन्कम टॅक्स बिल आलं. १९६१ चा कायदा जाऊन त्या जागी नवा, छोटा, सोप्या भाषेतला कायदा, ८१९ कलमांच्या जागी ५३६, असं सगळीकडे चाललं होतं. मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते, सीए वगैरे नाही, पण घरातली फुकटची सीए आहेच, त्यामुळे उत्सुकतेने बघत बसले तर त्यात एक ओळ सापडली, रिफंड हवा असेल तर रिटर्न मुदतीच्या आत भरलेलं पाहिजे. संपलं. मावशीला फोन करून सांगितलं की पुढे असं झालं तर पैसे विसर. ती म्हणाली, "म्हणजे पैसे माझे, कापले त्यांनी, आणि चार महिने उशीर झाला तर माझेच मला नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मुद्दा बरोबर होता.

तर ती ओळ गेली. कायद्यात नाहीये आता. १३ फेब्रुवारीला बिल मांडलं गेलं आणि लगेच लोकसभेच्या ३१ खासदारांच्या प्रवर समितीकडे गेलं, बैजयंत पांडा अध्यक्ष होते, समितीने २१ जुलैला अहवाल दिला, त्यात २८५ शिफारशी होत्या आणि त्यातली एक होती की उशिरा रिटर्न भरणाऱ्याचा रिफंड अडवणारी ही अट काढून टाका. सरकारने ८ ऑगस्टला जुनं बिल मागे घेतलं, ११ ऑगस्टला बऱ्याचशा शिफारशी घालून नवीन आणलं आणि ते त्याच दिवशी लोकसभेत गोंधळात, चर्चेविना, काही मिनिटांत पास झालं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत.

आता गंमत बघा, तुम्ही ११ ऑगस्टला टीव्ही लावला असता तर काय दिसलं असतं? घोषणा, फलक, आणि मधेच "होयचं बहुमत". आपल्याकडे पूजेला यजमान बसतो तसं. भटजी काय म्हणतायत ते कळत नाही, पळीने पाणी सोडायचं आणि "मम" म्हणायचं. पण मावशीच्या रिफंडचं जे काही झालं ते त्याआधीच्या पाच महिन्यांत झालं, आणि तिथं कॅमेरा नव्हता. मला तेव्हापासून या समिती प्रकाराचा नाद लागला. ऑफिसात लोक जेवणाच्या सुट्टीत रील्स बघतात आणि मी स्थायी समितीचे अहवाल, हसतात मला, हसू देत.

आधी एक गोंधळ काढून टाकते. आपल्याकडे स्थायी समिती म्हटलं की डोळ्यासमोर महापालिका येते, रस्त्याचं टेंडर, बजेट, आणि सभापतीपदासाठीची फोडाफोडी. आणि जेपीसी, म्हणजे संयुक्त संसदीय समिती, म्हटलं की घोटाळा. हर्षद मेहताची जेपीसी, टू-जीची जेपीसी, फार तर कोल्ड्रिंकमधल्या कीटकनाशकांची ती २००३ ची, जिचे अध्यक्ष शरद पवार होते. मी बोलतेय ते या दोन्हींबद्दल नाही. मी बोलतेय ते कायद्याचा मसुदा तपासणाऱ्या समित्यांबद्दल, तांदूळ शिजायला टाकायच्या आधी ताटात घेऊन खडे बघतात ना, तसं.

लोकसभेच्या नियमावलीत नियम ७४ आहे. बिल मांडलं की मंत्र्यापुढे चार रस्ते असतात. एक, लगेच विचारात घ्या म्हणजे थेट चर्चा आणि मतदान. दोन, प्रवर समितीकडे पाठवा, म्हणजे त्याच सभागृहातले निवडक खासदार. तीन, दोन्ही सभागृहांची मिळून संयुक्त समिती. चार, लोकमत अजमावण्यासाठी फिरवा. हा चौथा आता कागदावरच राहिलाय म्हणा. यापैकी प्रवर आणि संयुक्त समिती त्या एका बिलापुरतीच असते, लग्नाच्या मांडवासारखी, कार्य झालं की उतरवला. सभागृहात प्रस्ताव येतो, त्यात सभासदांची नावं असतात, अहवाल कधी द्यायचा ते असतं.

आणि याशिवाय एक कायमची सोय आहे, ती म्हणजे खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या. या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते आपले लातूरचे शिवराज पाटील. त्यांचं नाव निघालं की लोकांना वेगळंच काहीतरी आठवतं, गृहमंत्री असताना स्फोटांच्या दिवशी बदललेले कपडे वगैरे, पण माझ्या मते त्यांच्या काळातलं हे काम जास्त मोठं. सुरुवातीला १७ समित्या होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ जण, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, पक्षांच्या ताकदीप्रमाणे. मंत्र्याला यात सभासद होता येत नाही, ही अट फार महत्त्वाची आहे, पुढे सांगते का ते. काही समित्यांचं अध्यक्षपद विरोधकांकडे असतं. म्हणजे २०११ चं भूसंपादन बिल ग्रामीण विकास समितीकडे गेलं, सरकार काँग्रेस आघाडीचं आणि अध्यक्ष भाजपच्या सुमित्रा महाजन, आपल्या चिपळूणच्या, इंदूरच्या ताई. त्यांच्या समितीने सांगितलं की खाजगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादन करूच नये. सरकारने ते पूर्ण मानलं नाही, खाजगी प्रकल्पाला ८० टक्के लोकांची संमती हवी आणि भागीदारीतल्या प्रकल्पाला ७० टक्के, असं ठेवलं. सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला विचारा, यातल्या एकेका शब्दाची किंमत किती असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो मला स्वतःला फार उशिरा कळला. कुठलं बिल समितीकडे जाणार हे ठरलेलं नसतं. सक्ती नाही. स्थायी समितीकडे पाठवायचं तर ते लोकसभा अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती ठरवतात, पण मंत्र्याला नकोच असेल तर सहसा जात नाही. प्रवर किंवा संयुक्त समितीकडे पाठवायचा प्रस्ताव तर बहुतेक वेळा मंत्रीच मांडतो. म्हणजे ज्याचा पेपर तपासायचा त्यालाच विचारायचं की बाबा तपासू का. अमेरिकेत बिल मांडलं की ते कुठल्यातरी समितीकडे जातंच आणि बहुतेक बिलं तिथंच मरतात, ब्रिटनमध्येही समितीचा टप्पा नेहमीच्याच रस्त्यावर आहे. आपल्याकडे तो बायपास आहे, वाटलं तर घ्या.

आकडे सांगते. चौदाव्या लोकसभेत ६० टक्के बिलं समित्यांकडे गेली होती. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के. सोळाव्या लोकसभेत एकदम पंचवीस टक्क्यांच्या आसपास, आणि सतराव्या लोकसभेत, म्हणजे २०१९ ते २०२४, फक्त १६ टक्के. मी हे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर लगेच दोन तट पडले, एक जण म्हणाला आधीचं सरकार निर्णयच घेत नव्हतं म्हणून समित्या समित्या खेळत होतं, दुसरा म्हणाला आता दादागिरी आहे. मग दोघांनी एकमेकांना सुप्रभात पाठवणं बंद केलं. मला विचाराल तर ७१ टक्क्यांच्या काळातही सगळं गोड होतं असं नाही, पण १६ टक्के म्हणजे चाळण खुंटीला टांगून ठेवण्यासारखं आहे.

शेती कायदे आठवा. जून २०२० मध्ये वटहुकूम, सप्टेंबरमध्ये संसदेत. राज्यसभेत २० सप्टेंबरला प्रवर समितीकडे पाठवा अशी मागणी होती, मतविभाजन मागत होते, गोंधळ झाला, माईक, नियमपुस्तक, सगळं झालं आणि आवाजी मतदानाने पास. मग वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे रद्द करणारं बिल आलं, ते पण चर्चेविना. आणताना समिती नाही, नेताना चर्चा नाही. ते कायदे चांगले होते की वाईट यावर माझ्या सासऱ्यांचं आणि माझं जमत नाही, ते कांदेवाले आहेत, त्यांना बाजार समितीबाहेर विकायला मिळणं बरं वाटत होतं. पण ते सुद्धा म्हणतात की पंजाबवाल्यांना आधी बोलावून ऐकून घेतलं असतं तर एवढं ताणलं नसतं. अगदी हेच तर समितीत होतं.

होतं काय नेमकं? समिती पेपरात नोटीस देते. आपल्याकडे विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात ना तसंच. साधारण पंधरा दिवस वगैरे मुदत, लेखी निवेदन पाठवा, इंग्रजी किंवा हिंदीत, समोर येऊन बोलायची इच्छा असेल तर तसं लिहा. मराठीत लिहायची सोय त्या नोटिशीत नसते, आणि ही गोष्ट मला खुपते, कारण ज्या माणसावर कायद्याचा परिणाम होणार तो शिरूरमध्ये बसलाय आणि त्याने आधी भाचा शोधायचा जो इंग्रजीत लिहून देईल. असो. मग खात्याचे सचिव येतात आणि बिल समजावून सांगतात, आणि खासदार त्यांना प्रश्न विचारतात. सचिव, मंत्री नाही. मग संघटना, वकील, सीएंच्या संस्था, कामगार संघटना, ज्यांना ज्यांना बोलावलं ते. मग कलमवार वाचन. एकेक कलम घ्यायचं, खात्याचं म्हणणं काय, बाहेरच्यांचं काय, समितीला काय वाटतं. हे अहवालात तसंच्या तसं छापलेलं असतं आणि वाचायला, खोटं नाही सांगत, कधीकधी मजा येते, कारण खात्याचं उत्तर पुष्कळदा "ही सूचना विचारात घेतली आहे, तथापि सध्याची तरतूद पुरेशी वाटते" अशा साच्याचं असतं, आणि खाली समिती लिहिते की आम्हाला हे पटलेलं नाही.

बैठका बंद दाराआड. आधी मला याचा राग यायचा, आपल्या पैशाने चाललंय आणि आपल्यालाच दाखवत नाहीत. आता वाटतं बरंय. कॅमेरा असला की खासदार मतदारसंघाशी बोलतो, नसला की शेजारच्याशी बोलतो. पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, पण समितीत लागत नाही, सभागृहात मतदानाला पक्षाविरुद्ध गेलं तर खासदारकी जाऊ शकते, इथं तो धाक नाही. आणि ज्याला पटलं नाही तो अहवालाच्या शेवटी आपलं वेगळं मत जोडू शकतो. मी तर आता अहवाल हातात आला की आधी शेवटची पानं बघते, लग्नपत्रिकेत आपलं नाव आधी शोधतात तसं. भांडण कुठं होतं ते तिथं कळतं.

सरोगसीचं उदाहरण मला फार आवडतं कारण त्यात फरक स्वच्छ दिसतो. २०१९ च्या बिलात होतं की भाड्याचं गर्भाशय वगैरे बंद, फक्त जवळच्या नात्यातलीच बाई मूल वाढवून देऊ शकेल, आणि जोडप्याला पाच वर्षं मूल होत नसलं पाहिजे. लोकसभेने ऑगस्टमध्ये पास करून टाकलं. राज्यसभेने मात्र प्रवर समितीकडे पाठवलं, भूपेंद्र यादव अध्यक्ष, फेब्रुवारी २०२० मध्ये अहवाल. समितीने म्हटलं जवळची नातेवाईक ही अटच नको, जी बाई स्वतःहून तयार आहे ती चालेल. पाच वर्षं थांबायची अट काढा. आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित बाईलाही हा मार्ग खुला ठेवा. आता विचार करा, आपल्याकडच्या घरात "जवळची नातेवाईक" म्हणजे कोण? धाकटी जाऊ. किंवा नणंद. तिला कोण विचारणार होतं की बाई तुझी इच्छा आहे का? घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की झालं. दिल्लीतल्या कुणाच्या तरी हे लक्षात आलं म्हणून ती ओळ बदलली. डिसेंबर २०२१ ला कायदा झाला.

आणि याच्या बरोब्बर उलट, त्याच महिन्यात, मुलींचं लग्नाचं वय १८ वरून २१ करायचं बिल आलं. तेही समितीकडे गेलं, शिक्षण, महिला, बालकं वगैरे बघणाऱ्या स्थायी समितीकडे, अध्यक्ष आपले विनय सहस्रबुद्धे. आणि मग पेपरात आलं की त्या ३१ जणांच्या समितीत बाई एकच आहे, सुष्मिता देव. मुलींच्या लग्नाचं वय, तीस पुरुष, एक बाई. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाची कमिटीसुद्धा अशी नसते. पुढे त्या बिलाचं काय झालं? मुदतवाढ, मुदतवाढ, मग २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि बिल आपोआप गेलं. घोंगडं भिजत ठेवणे म्हणतात ते हेच. समिती म्हणजे चाळण असते तशी ती कधी माळाही असते, नको असलेली वस्तू वर टाकायची, पुन्हा दिवाळीच्या साफसफाईला बघू.

खरं सांगू का, २०११ मध्ये मीही हेच समजत होते, की समिती म्हणजे टोलवाटोलवी. कॉलेजात होते, डोक्यावर "मी अण्णा हजारे" टोपी, मेणबत्त्या, आणि लोकपाल बिल स्थायी समितीकडे गेलंय म्हटल्यावर आम्ही सगळे चिडलेलो. कशाला समिती? करा की पास! अण्णांचं रामलीला मैदानावरचं उपोषण चालू होतं, देश पेटलेला होता. समितीने (अभिषेक मनु सिंघवी अध्यक्ष) डिसेंबरमध्ये अहवाल दिला, सरकारने नवं बिल आणलं, २७ डिसेंबरला लोकसभेत झालं, आणि २९ ला राज्यसभेत रात्री बारा वाजेपर्यंत भाषणं करून मतदान न घेताच दुकान बंद. मग मे २०१२ मध्ये राज्यसभेने तेच बिल आपल्या प्रवर समितीकडे दिलं. आम्ही म्हटलं झालं, मेलं. तोवर आमची नोकऱ्यांची शोधाशोध सुरू झाली होती, टोपी कुठं गेली ते मला आजही माहीत नाही.

पण मेलं नव्हतं. मोठा वाद होता तो राज्यांच्या लोकायुक्तांचा. केंद्राने कायदा करून राज्यांवर लोकायुक्त कसा लादायचा, सगळे प्रादेशिक पक्ष त्यावर अडून होते आणि त्यांचंही चूक नव्हतं. प्रवर समितीने मार्ग काढला, लोकायुक्त नेमायचाच पण कसा असावा ते राज्यांनी आपापल्या कायद्यात ठरवा, एक वर्षाच्या आत. नोव्हेंबर २०१२ मध्ये अहवाल आला. आणि १७ डिसेंबर २०१३ ला राज्यसभेत आणि १८ ला लोकसभेत बिल पास झालं. अण्णा तेव्हा राळेगणला परत उपोषणाला बसले होते आणि त्यांनी हेच, समितीतून आलेलं बिल मान्य करून उपोषण सोडलं. पुढे पहिला लोकपाल नेमायला २०१९ उजाडलं, पण तो दोष समितीच्या माथी मारता येणार नाही.

बरं, आपल्या राज्याचं काय. संसदेतल्यासारखी खात्यावार समित्यांकडे बिलं पाठवायची पद्धत इथं रुजलेली नाही, एखाददुसरं बिल दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जातं. डिसेंबर २०२० मध्ये महिलांवरील अत्याचारांबद्दलचं शक्ती विधेयक असंच गेलं होतं, समितीचे अध्यक्ष गृहमंत्री अनिल देशमुख, ते गेल्यावर नवे गृहमंत्री दिलीप वळसे पाटील. आणि अलीकडचं म्हणजे जनसुरक्षा विधेयक, शहरी नक्षलवादाला आळा घालायचा म्हणून आणलेलं. डिसेंबर २०२४ ला नागपूरला मांडलं, संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं, अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे. म्हणून मगाशी म्हटलं मंत्र्याचं लक्षात ठेवा. सरकारने आणलेलं बिल तपासायला सरकारमधलाच मंत्री खुर्चीवर. आता याला जुना आणि मोठा दाखला आहे हेही सांगायला हवं, १९४८ ला हिंदू कोड बिल प्रवर समितीकडे गेलं तेव्हा कायदामंत्री डॉ. आंबेडकर स्वतःच अध्यक्ष होते. पण तिथं मंत्री आपल्याच बिलासाठी सत्ताधारी पक्षातल्याच लोकांशी झगडत होता, आणि बिल अडलं तेव्हा १९५१ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडला. प्रत्येक मंत्र्याकडून ती अपेक्षा ठेवायची म्हणजे जरा जास्तच होईल.

जनसुरक्षाच्या समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आल्या. लोकांनी खरोखर लिहिलं, संघटनांनी मोहीम चालवली. समितीने बदल केले, मूळ मसुद्यात व्यक्ती आणि संघटना असं मोघम होतं तिथं कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना असं आलं, सल्लागार मंडळात कोण असावं ते बदललं, तपास फौजदाराऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. आणि मग १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने पास, उघड विरोध फक्त माकपच्या एका आमदाराचा. समितीत विरोधी पक्षांचे मोठमोठे नेते होते, पण अहवालाला कुणाचं लेखी वेगळं मत जोडलेलं नव्हतं. बाहेर मात्र मोर्चे, निवेदनं, राज्यपालांना भेटी. मला हे अजिबात झेपलं नाही. अहो, जिथं लिहायची जागा होती तिथं लिहिलं नाहीत आणि रस्त्यावर कसलं लिहिताय? ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते कशाला.

उलट वक्फ दुरुस्ती विधेयकाच्या संयुक्त समितीत लिहायला सगळे तुटून पडले होते. ऑगस्ट २०२४ ते जानेवारी २०२५, जगदंबिका पाल अध्यक्ष, निवेदनं तब्बल ९७ लाखांवर. मारामारीची वेळ आली, एकदा दहा विरोधी खासदारांना दिवसभरासाठी निलंबित केलं, त्यात मुंबईचे अरविंद सावंतही होते. शेवटी अहवाल १५ विरुद्ध ११ मतांनी मंजूर, विरोधकांची एकूण एक दुरुस्ती फेटाळली, सत्ताधाऱ्यांच्या १४ घेतल्या. आणि वेगळ्या मतांमधला काही भाग गाळला म्हणून संसदेत आणखी एक गोंधळ, मग तो परत जोडला. म्हणजे सभागृहातलं भांडण उचलून जसंच्या तसं समितीच्या खोलीत नेऊन ठेवलं, फक्त खुर्च्या बदलल्या. ९७ लाख पत्रं कोण वाचणार होतं हा एक वेगळाच प्रश्न. इन्कम टॅक्सला हे जमलं कारण टीडीएस आणि घसारा यावर कुणी निवडणूक लढवत नाही, असं माझं साधं गणित आहे. जिथं मतं मिळतात तिथं समितीत माणूस पक्षाचाच राहतो, व्हिप असो नसो.

आणि समितीने मरमर काम केलं तरी तिचं ऐकायचं बंधन कुणावर नाही, फक्त सल्ला. डेटा संरक्षणाचं बिल बघा, डिसेंबर २०१९ ला संयुक्त समितीकडे गेलं, दोन वर्षं काम चाललं, मधे अध्यक्ष बदलल्या, मीनाक्षी लेखी मंत्री झाल्या आणि पी. पी. चौधरी आले, ८१ दुरुस्त्या सुचवल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने बिलच मागे घेतलं. २०२३ मध्ये नवं आणलं आणि ते समितीकडे न पाठवता पास केलं. त्या ८१ दुरुस्त्यांवर रात्री जागवलेल्या लोकसभा सचिवालयाच्या कर्मचाऱ्यांचं मला राहून राहून वाईट वाटतं, आमच्या ऑफिसात ऑडिटच्या आदल्या रात्री फॉरमॅट बदलतो तेव्हा होतं तसं.

गेल्या दिवाळीला साताऱ्याला गेले तेव्हा हे सगळं मावशीला सांगितलं. म्हणजे एवढं नाही, थोडक्यात, की तुझ्या रिफंडची अट एकतीस खासदारांनी बसून काढायला लावली, आणि ती बहुतेक कुणीतरी पत्र लिहून कळवली म्हणून. नवीन कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात ती ओळ नाही. ती शंकरपाळे तळत होती, झारा हातात तसाच धरून तिने नीट ऐकून घेतलं. मला वाटलं आता विचारेल कोण होते ते खासदार, पत्र कुणी लिहिलं, काहीतरी.

म्हणाली, "म्हणजे उशीर झाला तरी चालतंय ना? मग यंदाचे कागद संक्रांतीला घेऊन जा."

तिला ३१ डिसेंबर समजावता समजावता शंकरपाळ्यांचा एक घाणा करपला.